तारखेपुरती वकील

मॅडमनी माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हणाल्या, "इंग्लिश नको. मराठीत बोल. मी ट्रान्सलेट करते."

गडचिरोलीतलं एक सभागृह. पुढच्या रांगेत पाहुणे. दिल्लीचे, बंगळुरूचे, दोघं परदेशातले. मॅडम चालवत असलेल्या आमच्या फेलोशिपला मदत देणारे लोक. टेबलावर पळसाच्या पानांचे द्रोण आणि त्यात काजू. मला दोन मिनिटं बोलायचं होतं. मी इंग्रजीत सुरुवात केली होती. एकच वाक्य झालं होतं.

मी थांबले. कुणी थांबवलं की मी थांबते. लहानपणापासूनची सवय.

मग मराठीत म्हणाले, "माझे बाबा माजरीला कोळशाच्या कॉलरीत इलेक्ट्रिशियन आहेत. मी कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत शिकले. मग लॉ केलं. आता इथल्या तालुका कोर्टात काम करते."

मॅडमनी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं की, हिचे वडील अनवाणी खाणीत उतरायचे. घरात दिवा नव्हता. रस्त्यावरच्या खांबाखाली बसून ही मुलगी शिकली आणि वकील झाली.

मला प्रत्येक शब्द कळत होता. मला कळतोय हे मॅडमना माहीत होतं. तरी त्या माझ्या शेजारी उभं राहून, माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होत्या.

बाबांना दरवर्षी कंपनीचे बूट मिळतात. जुने बूट आई अंगणात ओळीनं ठेवते, त्यात गवती चहा लावते. पावसाळ्यात कॉलनीची लाइन गेली की लोक आमच्याच दारात येतात. "भाऊ, पाहा ना जरा." बाबा ताटावरून उठून जातात. सगळ्या कॉलनीत उजेड पाडणाऱ्या माणसाच्या घरातला दिवा मॅडमनी एका वाक्यात विझवला.

पाहुण्यांपैकी एक बाई उठून माझ्याजवळ आल्या. डोळे ओले. माझे दोन्ही हात धरून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "यू. आर. सो. ब्रेव्ह."

मी "थँक यू" म्हणाले. त्यांना तेवढंच फार वाटलं.

नंतर व्हरांड्यात मी मॅडमना म्हणाले, "मॅम, ते खरं नव्हतं."

"डार्लिंग, इट्स अ नॅरेटिव्ह," त्या म्हणाल्या. "लोकांना काहीतरी वाटलं पाहिजे ना." मग फोटोसाठी मला भिंतीजवळ उभं केलं. चष्मा काढायला सांगितला. घड्याळही.

मी काढलं.

फेलोशिप चांगली होती. निदान कागदावर. नवे वकील मोठ्या शहरात जातात, आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या वाट्याला कुणी येत नाही. म्हणून नव्या वकिलांनी दोन वर्षं तालुक्याच्या गावी राहायचं, गरिबांच्या केसेस विनामूल्य चालवायच्या. मी जाहिरात वाचली आणि त्याच दिवशी अर्ज केला. आई म्हणाली, "जंगलात काऊन जातेस? नागपूरले राह्य ना." बाबा मात्र काळा कोट शिवायला स्वतः सोबत आले. शिंप्याला सांगितलं, "खांद्यात सैल ठेवा. हात वर करता आला पाहिजे."

तालुक्याचं नाव लिहीत नाही. तिथं मला अजून उभं राहायचं आहे.

बार रूममध्ये पहिल्या दिवशी मी एका रिकाम्या खुर्चीवर बसले. कोट अंगात, गळ्याला वकिलाचा पांढरा बँड. एक सीनियर आत आले. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं.

"पक्षकारांचं बाक बाहेर आहे."

"सर, मी वकील आहे."

"अच्छा! कोणत्या गावच्या?"

"माजरी."

"आडनाव?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध. आडनावावरून इकडे लगेच कळतं. विचारणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

"हां, हां. तुमच्याकडचे आजकाल लय शिकून राह्यले. बसा, बसा. आता तर तुमचंच राज्य आहे."

दोघंतिघं हसले. खुर्ची दादासाहेबांची होती हे मला नंतर समजलं. मी उठून खिडकीजवळ उभी राहिले, आणि पुढे बरेच महिने तिथेच उभी राहिले.

कोर्टात एक रीत असते. वकिलाला यायला जमलं नाही, तयारी नसली, जिल्ह्याला दुसरी केस असली, की तो एखाद्या ज्युनियरला सांगतो, "जरा उभा राह्य, तारीख घे." ज्युनियर उभा राहतो. "साहेब, वकील बाहेरगावी आहेत, तारीख द्यावी." साहेब तारीख देतात. असं सगळीकडे चालतं. आमच्या कोर्टात हे काम हळूहळू एकटीकडे आलं. माझ्याकडे. मी विनामूल्य होते, रोज हजर होते, आणि नाही म्हणत नव्हते.

"बेटा, माझ्या मॅटरमध्ये जरा तारीख घे."

"मॅडम, मी चहा घेऊन येतो, तेवढी तारीख."

दादासाहेब सगळ्यांसमोर म्हणायचे, "फुकटातला वकील म्हणजे धर्मशाळेचं जेवण. पोट भरते, पण मीठ मागायचं नाही." पुकारा देणारा शिपाईसुद्धा मला पाहिलं की हसून विचारायचा, "कोनाची तारीख, मॅडम?"

मी इंग्रजी शाळेत पहिल्या नंबरानं आलेली मुलगी. मोठ्या कोर्टांची निकालपत्रं उताऱ्यांसकट पाठ असलेली. आणि कोर्टात माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं. तारीख द्यावी.

रैनीबाई जून संपताना आली. गोंड बाई, पन्नाशीची असेल. नवरा नाही, मुली सासरी. टेबलाच्या पलीकडे बसली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू खरंच वकील हायेस ना बाई? का वकिलाची पोरगी बापाचा कोट घालून आली?"

मी हसले. ती हसली नाही.

तिच्या घराचं छप्पर बसलं होतं. तिनं गावच्या जंगलातून बंडीवर बांबू आणले. त्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मंजूर आहे, ग्रामसभेनं तिला बांबू आणायला होकार दिला होता. तरी वाटेत जंगलखात्याच्या गार्डनं बंडी अडवली. बांबू, बंडी, बैलजोडी, सगळं जप्त. बैल रेंज ऑफिसच्या आवारात बांधले होते. कबऱ्या आणि लाल्या. सरकारकडे चारा नाही, म्हणून ती रोज गावाहून डोक्यावर तणसाचा भारा घेऊन यायची, स्वतःचेच बैल दुसऱ्याच्या दावणीला चारायची आणि परत जायची.

"मले पाहून हंबरतेत," ती म्हणाली. "त्यायले वाटते मी सोडवाले आली."

धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, टाकून झाले होते. पऱ्हे वेळेत रोवले नाहीत तर म्हातारे होतात, मग फुटवा धरत नाहीत. रोवणीआधी बांधीत, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, चिखल करावा लागतो आणि चिखलाला बैल लागतात. गावात ज्याच्याकडे बैल आहेत तो आधी स्वतःची बांधी करतो. एवढं साधं होतं. बैल रोवणीआधी सुटले तर तिचं वर्ष. नाहीतर नाही.

मी अर्ज केला. गुन्ह्याचा खटला चालायचा तेव्हा चालेल, तोवर बैल मालकिणीच्या ताब्यात द्यावेत, बोलावलं की ती हजर करेल. कोर्टात यासाठी सुपूर्दनामा असतो. अर्जाची सुनावणी मंगळवारी लागली. मंगळवारीच लागणार, कारण आमच्या कोर्टाचे साहेब बदलून गेले होते आणि शेजारच्या तालुक्याचे साहेब फक्त मंगळवारी यायचे. बाकी दिवस डायसवरचा पंखासुद्धा बंद.

सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला.

"बैलांची केस उद्या आहे ना? उद्या तारीख घे. गुरुवारी गेस्ट येतायत. त्यांना तुला कोर्टात बघायचंय."

"मॅम, गुरुवारी कोर्टात जज नसतात."

"मग जजना रिक्वेस्ट कर ना, गुरुवारी ठेवा म्हणून. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी समजावलं. उद्या तारीख घेतली तर ती गुरुवारची मिळत नाही. दोन कोर्टांचं काम एका साहेबांवर आहे, तारीख सरळ पुढच्या महिन्यात जाते. तोवर पऱ्हे म्हातारे होतील.

"काय होतील?"

"म्हातारे."

त्या हसल्या. "हे छान आहे. हे गेस्टना सांग. मराठीतच सांग." मग आवाज बदलला. "हे बघ, एका बाईचे दोन बैल की दहा नवे फेलोज? ही व्हिजिट चांगली गेली तर पुढच्या वर्षी दहा जण घेता येतील. मोठं चित्र बघायला शीक. आणि हो, बैल कोर्टात आणता येतील का?"

मी काहीच बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याला लोक होकार समजतात. मॅडम "गुड गर्ल" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रैनीबाई बाहेरच्या पायरीवर बसली होती. भारा टाकून आली होती, केसांत तणसाच्या काड्या. मी तिला सगळं सांगितलं. पाहुणे, गुरुवार, तारीख. सांगायला नको होतं असं नंतर कुणी म्हणालं. माझं मत वेगळं आहे. बैल तिचे होते.

ती म्हणाली, "बैलायले काय सांगू मंग? तारीख भेटली म्हून?"

ती उठली, पदर झटकला. "तू सांग त्यायले. तू वकील हायेस."

मंगळवारी बार रूम भरलेली होती. दादासाहेबांनी लांबूनच हात केला. "बेटा, माझ्या दोन मॅटरमध्ये तारीख घेऊन टाक."

"आज नाही जमणार, सर. माझी सुनावणी आहे."

त्यांनी चष्मा खाली केला. "तुझी?"

"माझी."

"अरे वा. धर्मशाळेत आज गोडाचं दिसते."

पुकारा झाला. रैनीबाई मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मी पुढे गेले. साहेबांनी वर पाहिलं, मला ओळखलं, पेन उचललं आणि माझ्या तोंडातलं वाक्य स्वतःच म्हणाले.

"तारीख?"

सगळ्या कोर्टाला ते इतकं सवयीचं होतं की कुणी हसलंही नाही.

"नाही साहेब. मी युक्तिवाद करणार आहे."

"काय?"

"युक्तिवाद करणार आहे."

"मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. माझा आवाज लहान आहे. शाळेत चुकीचा उच्चार झाला तर मुली हसायच्या, घरी 'मले-तुले' सुटलं तर पाहुणे हसायचे, म्हणून मी दोन्हीकडे हळू बोलायला शिकले. ऐकूच गेलं नाही तर कुणी काय हसणार? आणि आता साहेब कानाला हात लावून विचारत होते.

मी एक पाऊल पुढे सरकले. टेबल पोटाला लागलं.

"साहेब, मी तयार आहे. मला तारीख नको."

मग मी बोलले. गावाचा हक्क मंजूर आहे, त्याची प्रत जोडली आहे. ग्रामसभेचा ठराव जोडला आहे. बैलांचा पंचनामा झाला, फोटो झाले, मग पुराव्यासाठी बैल बांधून ठेवायची गरज नाही. बैल ही जिवंत वस्तू आहे, ती आवारात बसून खराब होते. सरकारी वकील म्हणाले, "आमचं म्हणणं दाखल करायला तारीख मिळावी." मी म्हणाले, "माझी हरकत आहे." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. साहेबांनी सरकारी वकिलांना जे सांगायचं ते आत्ताच सांगा म्हटलं.

संध्याकाळी आदेश झाला. बैल सुपूर्दनाम्यावर सोडावेत.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आदेश झाला म्हणजे दावं सुटलं असं नसतं. बुधवारी रेंज ऑफिसमध्ये सांगितलं, रेंजर साहेब दौऱ्यावर. मी आणि रैनीबाई आवारात बसून राहिलो. समोर बैल. कबऱ्या मागचा पाय टेकवत नव्हता. आवारात पावसाचं पाणी साचलेलं, शेणाचा चिखल झालेला, त्यात उभं राहून त्याचा खूर सडला होता. रैनीबाईनं पाय उचलून पाहिला. वास आला.

गुरुवारी साहेब आले, सही झाली. आणि त्याच वेळी फाटकातून दोन पांढऱ्या गाड्या आत आल्या.

मॅडम माझ्यावर चिडलेल्या होत्या, पण पाहुण्यांसमोर तोंडावर हसू होतं. "परफेक्ट टायमिंग," त्या म्हणाल्या. कॅमेरावाला चिखलातून वाट काढत पुढे आला. रैनीबाई खाली बसून कबऱ्याच्या खुरातून किडे काढत होती. हातात निंबाची काडी.

"बाई, जरा इधर देखिए," मॅडम तिला हिंदीत म्हणाल्या. "बैल के गले में हाथ डालिए. थोडा हँसिए."

रैनीबाईनं मान वर केली. "हसू काऊन? बैल लंगडा झाला माहा. लंगड्या बैलानं चिखल होते का? हिले म्हना, तू ये जुवाले."

मागच्या वेळी माझे हात धरणाऱ्या त्याच पाहुण्या बाई पुढे झाल्या. रैनीबाई काय म्हणाली ते त्यांनी विचारलं.

मॅडमनी लगेच सांगितलं, ती म्हणते, तिला तिचे बैल मिळाले, ती तुमची आभारी आहे.

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तसाच. तिथंच.

मी तो बाजूला केला. आणि इंग्रजीत बोलले. कॉलनीच्या शाळेत शिकवलेल्या, स्वच्छ, व्याकरणशुद्ध इंग्रजीत. म्हणाले, ती असं म्हणालेली नाही. ती म्हणतेय की तिचा बैल लंगडा झालाय आणि हसायचं कशासाठी. ती असंही म्हणतेय की मॅडमनी स्वतः येऊन जुवाखाली मान द्यावी. बैल अजून महिनाभर इथेच बांधून राहिले असते, कारण तुम्हाला सुनावणी बघता यावी म्हणून मला तारीख घ्यायला सांगितलं होतं. मी ती घेतली नाही. आणि माझे वडील इलेक्ट्रिशियन आहेत. आमच्या घरात दिवा आहे.

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. त्या बाईंचा चेहरा लाल झाला. त्या माझ्याकडे नव्हे, मॅडमकडे बघत होत्या. मग त्याही गाडीकडे वळल्या. जाताना कुणी रैनीबाईशी बोललं नाही.

मॅडम म्हणाल्या, "गाडीत बस. बोलू."

"मी बैलांसोबत जाणार आहे."

"तुला अँगर मॅनेजमेंटची गरज आहे," मॅडम म्हणाल्या. मी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

आम्ही चालत निघालो. लंगड्या बैलाच्या चालीनं. वाटेत रैनीबाई माझ्याशी बोलली नाही, बैलाशी बोलत होती. गावाजवळ आल्यावर म्हणाली, "त्या बाईले काय म्हणालीस तू फाडफाड?"

मी सांगितलं.

"हं," ती म्हणाली. "मंगळवारी असंच जोरानं बोलाले पायजे होतं. मले मागं काईच ऐकू नाई आलं."

तिनं धन्यवाद दिले नाहीत. द्यायचं काही कारणही नव्हतं. एकट्या लाल्याला शेजाऱ्याच्या बैलासोबत जुंपून वरची बांधी झाली. खालची राहिली. मी ऑगस्टमध्ये जाऊन पाहिली. सगळीकडे हिरवं आणि मध्ये तिची बांधी, नुसतं पाणी. मी अर्ज जिंकला होता. ती अर्धं शेत हरली होती. हे दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं भरून निघत नाही.

फेलोशिपचा मेल आला. माझं वर्तन संस्थेच्या मूल्यांशी जुळत नाही. संस्थेला संवेदनशील वकील हवेत. माझा चष्मा काढलेला फोटो मात्र त्यांच्या पत्रकावर अजून आहे. खाली लिहिलंय, अनवाणी बापाची लेक.

मी बाबांना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "कोट आहे ना जवळ?"

"आहे."

"मंग?"

दादासाहेबांना बातमी माझ्याआधी कळली होती. बार रूममध्ये मला बोलावून म्हणाले, "गेली म्हणे फेलोशिप? ये माझ्या ऑफिसला. तारखा घ्यायला एक पोरगी लागतेच."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. विचारलं नाही.

"सर, तारखा तुमच्या तुम्ही घ्या."

ते काहीतरी म्हणाले. तुमच्याकडचे वगैरे. या वेळी मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांचं बोलणं संपेपर्यंत. मग फाइल उघडली. खुर्चीवरून उठले नाही. आता रोज बसते. कुणी खुर्ची आधीच आतल्या खोलीत उचलून ठेवली तर जाऊन बाहेर आणते.

कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी एक टेबल टाकलं आहे. पाटी लावली आहे. तिच्यावर माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. मॅडमची माणसं पुन्हा पाहुणे घेऊन आली, तर त्यांना पाटी वाचता येईल. इंग्रजीतही लिहिली आहे.

बैल सुटले, पण रैनीबाईवरचा खटला अजून उभा आहे. स्वतःच्या गावच्या जंगलातला बांबू आणला म्हणून ती आजही कोर्टाच्या कागदावर आरोपी आहे. सरकारी वकील दर वेळी तारीख मागतात. पुढच्या मंगळवारीही मागतील. रैनीबाई मागच्या भिंतीला टेकून उभी असेल. मी हरकत घेणार आहे. लेखी देणार आहे आणि तोंडीही सांगणार आहे. तिला भिंतीपाशी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.